रामन यांचा प्रकाश आणि तेरची खापरे

दरवर्षी २८ फेब्रुवारीस राष्ट्रीय विज्ञान दिन पाळला जातो. व्याख्याने झडतात, रामन यांच्या तसबिरीस हार पडतो. त्यांच्या शोधाचे साधन तेरसारख्या गावाच्या उपयोगी पडू शकते, हा विचार मात्र त्या दिवशीही क्वचितच कोणाला सुचतो.

चंद्रशेखर वेंकट रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीस झाला. १९०७ मध्ये ते सरकारी वित्त खात्यात अधिकारी झाले. दिवसा हिशेब तपासावेत आणि उरलेला वेळ कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशनच्या प्रयोगशाळेत घालवावा, असा त्यांचा क्रम होता. मध्यंतरी बदलीमुळे ते नागपुरातही राहून गेले. १९१७ मध्ये ही मानाची नोकरी सोडून त्यांनी कमी वेतनाची प्राध्यापकी पत्करली. आजच्या पालकांना हा निर्णय रुचला असता काय, याची शंकाच आहे!

१९२१ साली विलायतेहून परतताना समुद्राच्या निळाईने त्यांना वेड लावले. ती निळाई आकाशाचे निव्वळ प्रतिबिंब नव्हे, पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे प्रतिपादणारे टिपण त्यांनी मुंबई बंदरात पोहोचलेल्या ‘नारकुंडा’ जहाजावरून ‘नेचर’कडे धाडले. तोच धागा धरून २८ फेब्रुवारी १९२८ रोजी के. एस. कृष्णन यांच्या साहाय्याने त्यांना आढळले की, विखुरलेल्या प्रकाशाचा अल्प अंश आपला रंग किंचित बदलतो आणि त्या बदलावरून पदार्थाची अंतर्रचना ओळखता येते. १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे बंगळूरला हिऱ्यांच्या अभ्यासात ते रमले. तेथे त्यांची काही मते टिकली नाहीत, पण हट्ट सुटला नाही. २१ नोव्हेंबर १९७० रोजी ते निवर्तले.

हिरा म्हणजे कार्बन, आणि पेन्सिलीतले ग्रॅफाइटही कार्बनच. ग्रॅफाइटचा एक अणू जाडीचा पापुद्रा म्हणजे ग्रॅफीन. तो मँचेस्टरमध्ये २००४ साली चिकटपट्टीने सोलून काढण्यात आला. आता सुमारे १००० अंश सेल्सिअसला तापविलेल्या तांब्याच्या पातळ पत्र्यावर मिथेन वायू सोडून तो वाढवितात. थर एक आहे की दोन, रचना नीटस आहे की विस्कटलेली, हे रामन वर्णपटच सांगतो. प्रति सेंटिमीटर १५८० च्या आसपासची रेषा ग्रॅफाइटी रचनेची. १३५० च्या आसपासची रेषा उठून दिसली, तर रचनेत दोष आहेत असे समजावे. एकेरी थरात २७०० जवळची रेषा सडपातळ असते, थर वाढले की ती रुंदावते.

हे सारे तेरशी कसे जुळते? तेर म्हणजे प्राचीन तगर, गोरोबाकाकांचे, म्हणजे कुंभाराचेच गाव. सातवाहनकालीन काळ्या-तांबड्या खापरांत भट्टीतल्या ज्या भागास हवा मिळाली नाही तो काळा पडतो. पण हा काळेपणा धुरातून बसलेल्या कार्बनचा की लोहाच्या ऑक्साइडचा, हे डोळ्यांना कळत नाही. वर्णपटाला कळते, आणि कार्बनच्या रेषांच्या ठेवणीवरून भट्टीच्या आचेचाही अदमास बांधता येतो. त्यासाठी खापर फोडावे लागत नाही. लेसरची शक्ती तेवढी मंद ठेवावी लागते, एरवी कार्बन जळतो. हाती धरून नेण्याजोगी यंत्रेही आता मिळतात.

तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयातील खापरांचा आणि काचमण्यांचा असा पद्धतशीर तपास व्हावयास हवा. मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर धाराशिवला आहेच. पुरातत्त्व विभागाने त्याच्याशी करार करून पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे काम सोपवावे, आणि येत्या विज्ञान दिनी हारतुऱ्यांऐवजी पहिले वर्णपट संग्रहालयाच्या भिंतीवर, त्या-त्या खापराशेजारी लावावेत.