दात्याचे चरित्र आणि डॉक्टरचे शिक्षण

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात शिकलेले डॉक्टर आज देशोदेशी आहेत. ज्यांच्या नावाची ती आद्याक्षरे, त्या सर जमशेटजी जीजीभाईंचे चरित्र मात्र वैद्यकाच्या विद्यार्थ्याला सहसा नावापुरतेच ठाऊक असते. ते त्याने अभ्यासावे, असे त्यात पुष्कळ आहे.

१७८३ साली जन्मलेल्या जमशेटजींचे आईवडील त्यांच्या कोवळ्या वयातच निवर्तले. बाटल्यांचा धंदा करणाऱ्या मामांच्या हाताखाली ते व्यापार शिकले आणि पुढे अनेकदा चीनला गेले. १८०५ मध्ये त्यांचे जहाज फ्रेंचांनी पकडले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन हे शल्यवैद्य होते. पुढे जार्डिन यांनी वैद्यकी सोडून व्यापार पत्करला. जमशेटजींनी मुंबईहून पाठविलेला कापूस आणि अफू त्यांची पेढी चीनमध्ये विकू लागली. इकडे अलोट संपत्ती जमली. तिकडे व्यसनाने माणसे खंगली आणि १८३९ मध्ये अफूवरून युद्ध पेटले.

ते १८४२ मध्ये संपले. त्याच वर्षी जमशेटजींना ‘सर’ हा किताब मिळाला आणि १८४३ च्या जानेवारीत रुग्णालयाची कोनशिला बसली. त्यासाठी त्यांनी एक लाख रुपये देऊ केले, ते कंपनी सरकारनेही तितकीच भर घालावी, या अटीवर. १८४५ मध्ये रुग्णालय आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १८५१ मध्ये तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड होते. गोरगरिबांवर त्यांनी विनामूल्य उपचार केले. जमशेटजी १८५९ मध्ये निवर्तले.

या चरित्रातून केवळ कृतज्ञता शिकणे पुरेसे नाही. दान म्हणजे निव्वळ दया नव्हे. तो एक आर्थिक व्यवहारही असतो. पैसा कोठून आला, कोणत्या अटीवर आला आणि त्याचा लाभ कोणास पोहोचला, हे तीन प्रश्न त्यात अटळ असतात. जमशेटजींच्या अटीने सरकारला आपल्या कर्तव्यास बांधले, हे त्यांचे खरे शहाणपण. अफूची किंमत चुकविणारा चिनी रोगी मात्र त्या रुग्णालयाच्या दारी कधीच येणार नव्हता.

हे प्रश्न आजही जिवंत आहेत. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि तितक्याच दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्यात, असे २००६ च्या योजनेने ठरविले. हा रोग्याचा हक्क आहे, उपकार नव्हे. ज्या डॉक्टरला तो ठाऊक नाही, तो उत्तम निदान करूनही गरीब रोग्याला दारातूनच परत पाठवील. म्हणून परोपकाराचा अभ्यास हा वैद्यकीय शिक्षणाचा अलंकार नव्हे, त्याचे आवश्यक अंग होय.