महाकाय घोरपडीला हाताने भरवणाऱ्या लंडनच्या जोन प्रॉक्टर

ऑक्टोबर १९२८. लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेची सभा भरली होती. समोर शास्त्रज्ञ मंडळी बसलेली, आणि मधोमध जगातला सगळ्यात मोठा सरडा, कोमोडो ड्रॅगन. आपल्या घोरपडीचाच हा थोरला भाऊबंद. नाव सुंबावा. त्याच्या शेजारी तिशी ओलांडलेली एक अशक्त बाई उभी. तिनं त्याला हातानं एक मोठी कोंबडी भरवली, अंडी दिली, एक कबूतर दिलं. तो खात असताना ती त्याच्या अंगावरून हात फिरवत होती. तोंडातला घास ओढून पाहिला तरी सुंबावानं तिला काही केलं नाही.

ही बाई म्हणजे जोन बीचम प्रॉक्टर. लंडन प्राणीसंग्रहालयाच्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाच्या पहिल्या महिला प्रमुख. सर्कशीतला खेळ करायला त्या तिथं आल्या नव्हत्या. नीट पाळलं तर हे जनावर कसं वागतं, ते शास्त्रज्ञांना दाखवायला आल्या होत्या. पुढच्या तीनच वर्षांत त्या गेल्या. वय अवघं ३४.

जेवणाच्या टेबलावर पाल, गणिताच्या तासाला मगर

जोनचा जन्म ५ ऑगस्ट १८९७ चा, लंडनचा. वडील शेअर बाजारातले दलाल, आई चित्रकार. घर खाऊनपिऊन सुखी. पण पोरीला बाहुल्यांपेक्षा साप-सरड्यांची ओढ. दहा-बारा वर्षांची होईपर्यंत तिच्याकडं जिवंत सरड्या-सापांचा छोटा संग्रहच जमला होता. त्यातला एक लाडका सरडा तिच्याबरोबर प्रवासाला जायचा आणि जेवताना टेबलावर त्याची जागा ठरलेली असायची.

सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत असताना, सोळाव्या वर्षी तिनं एक छोटी मगर पाळली आणि ती थेट गणिताच्या तासाला घेऊन गेली. बाईंची काय अवस्था झाली असेल, ते वाचकांनीच ठरवावं.

हुशार होती, केंब्रिजला जायचं मनात होतं. पण आतड्याचं जुनाट दुखणं लहानपणापासून मागे लागलेलं. आजारपणं, शस्त्रक्रिया चालूच असायच्या. तब्येतीनं साथ दिली नाही आणि पदवी राहिली ती राहिलीच.

पदवी नाही, पण गुरू मोठा मिळाला

पोरीची ही आवड एका मोठ्या माणसाच्या नजरेत भरली. जॉर्ज आल्बर्ट बूलांजे हे ब्रिटिश म्युझियममध्ये सरपटणारे प्राणी आणि मासे यांचं काम पाहायचे. हे नाव आपल्याकडच्या अभ्यासकांनाही परकं नाही. भारतातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांवर आणि बेडकांवर १८९० साली निघालेला मोठा ग्रंथ त्यांचाच. आपल्या शिवारातली घोरपडही त्यात नोंदलेली आहे.

१९१६ साली बूलांजेंनी जोनला हाताखाली घेतलं. पुढच्याच वर्षी ती प्राणिशास्त्र संस्थेची फेलो झाली. १९२० साली बूलांजे निवृत्त झाले आणि विभागाचा भार तिच्यावर आला. आफ्रिकेतलं चपट्या पाठीचं कासव, ऑस्ट्रेलियातला एक सरडा, अशा प्राण्यांवर तिनं लिहिलं. नवी जात ओळखून तिला शास्त्रीय नाव देण्यापर्यंत मजल गेली. कॉलेजची पायरी न चढता.

१९२३ मध्ये लंडन प्राणीसंग्रहालयानं तिला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाचं प्रमुखपद दिलं. वय सव्वीसच्या आतबाहेर. एवढी तरुण बाई अजगर-मगरींची कारभारीण, म्हणून वर्तमानपत्रांना खाद्यच मिळालं. प्रॉक्टरबाईंनी मात्र त्या गाजावाज्याकडं फारसं लक्ष न देता काम सुरू केलं.

खरं काम : ऊन विकत आणण्याचं

आता मुद्द्याचं. घोरपड पाळणं म्हणजे तिला पिंजऱ्यात घालून मांस टाकणं, असा समज असेल तर तो चुकीचा आहे.

घोरपडीच्या अंगात आपल्यासारखी ऊब तयार होत नाही. ती बाहेरून घ्यावी लागते. सकाळी उन्हात पसरून अंग तापवायचं, फार तापलं की सावलीत किंवा बिळात जायचं. दिवसभर हाच उद्योग. अंग तापलं नाही तर खाल्लेलं पचत नाही, पोटातच कुजतं. उन्हातले अतिनील किरण मिळाले नाहीत तर ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम हाडात जात नाही आणि हाडं मऊ पडतात. म्हणजे पोटभर खाऊनही जनावर झुरून मरतं.

लंडनला ऊन किती, हे सांगायला नको. जुन्या पद्धतीत अख्खी इमारत एकसारखी तापवायची. त्यात जनावराला निवड नाही. काहींना जास्त गरम, काहींना थंड. एक मेलं की व्यापाऱ्याकडून दुसरं मागवायचं, असा त्या काळचा मामला.

प्रॉक्टरबाईंनी हा हिशेबच बदलला. वास्तुविशारद एडवर्ड गाय डॉबर यांना सोबत घेऊन त्यांनी नवं सर्पालय उभं केलं. ते १९२७ साली उघडलं. पिंजऱ्याच्या वेगवेगळ्या भागांना विजेनं वेगवेगळी ऊब दिलेली. एका कोपऱ्यात ऊन, दुसऱ्या कोपऱ्यात सावली. कुठं बसायचं ते प्राण्यानं ठरवायचं. अतिनील किरण आत येऊ देणारी खास काच वापरली. उजेड पिंजऱ्यात आणि अंधार प्रेक्षकांच्या बाजूला ठेवला. त्यामुळं माणसांना प्राणी स्पष्ट दिसतो आणि प्राण्याला माणसांचा त्रास कमी होतो. मत्स्यालयातली ही युक्ती होती. १९२४ साली उघडलेल्या लंडनच्या मत्स्यालयातली खडकांची रचनाही याच बाईंच्या हातची.

आज जगात कुठंही सरपटणारा प्राणी नीट पाळला जातो तिथं एक गरम कोपरा, एक थंड कोपरा आणि अतिनील दिवा असतोच. या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत प्रॉक्टरबाई फार पुढं होत्या.

सुंबावा आणि सुंबा

कोमोडो ड्रॅगन इंडोनेशियातल्या काही मोजक्या बेटांवरचा. लांबी तीन मीटरपर्यंत जाते, वजन ७० किलोच्या घरात. शास्त्रानं त्याची नोंद घेतली ती पार १९१२ साली. जावा बेटावरच्या बायटेनझोर्ग, म्हणजे आजच्या बोगोर इथल्या संग्रहालयाचे पीटर औवेन्स यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. १९२६ च्या एका अमेरिकन मोहिमेनं दोन जिवंत ड्रॅगन न्यूयॉर्कला नेले, पण ते थोड्याच काळात मेले.

१९२७ साली सुंबावा आणि सुंबा हे दोघे लंडनला आले. युरोपात जिवंत पोचलेले हे पहिलेच. नवं सर्पालयही त्याच वर्षीचं. म्हणजे पाहुणा यायला आणि घर तयार व्हायला एकच गाठ पडली.

सुंबावा तर कुत्र्यासारखा बाईंच्या मागे फिरायला लागला. त्या त्याला संग्रहालयात फिरायला न्यायच्या. वळवायचं असलं तर शेपटी धरून दिशा द्यायच्या. लहान मुलं त्याला हात लावायची.

हा प्राणी बहिरा असतो, असा तेव्हा बोलबाला होता. बाईंनी त्याला आपल्या आवाजाची सवय लावली. स्वतः आडोशाला राहून हाक मारली तरी तो खायला बाहेर यायचा. बहिरेपणाची गोष्ट तिथंच संपली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. हे जनावर गरीब नाही. हरणं, म्हशी मारणारं आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्याच्या जबड्यात विषग्रंथीही आहेत. त्या काळी हे कुणाला माहीत नव्हतं. बाईंचा हात त्या जबड्याजवळ सुखरूप राहिला तो रोजची ओळख, वेळेवरचं खाणं आणि जनावराची नीट पारख यामुळं.

आजारी प्राण्यांवरचे उपचारही त्या स्वतः करायच्या, शस्त्रक्रियेपर्यंत.

प्राण्यांची तब्येत सुधारली, बाईंची ढासळली

इकडं स्वतःचं शरीर साथ सोडत होतं. वेदना रोजच्याच. चालवेना तेव्हा विजेवर चालणाऱ्या खुर्चीत बसून त्या संग्रहालयात फेरी मारायच्या. कधी खुर्चीच्या पुढं दोरी लावलेला ड्रॅगन चालत असायचा. ज्या बाईनं शेकडो जनावरांना ऊब, उजेड आणि औषध मिळवून दिलं, तिच्या दुखण्यावर मात्र इलाज सापडला नाही.

१९३१ साली शिकागो विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली. केंब्रिजला राहून गेलेली पदवी अशी दारात आली. त्याच वर्षी २० सप्टेंबरला त्यांचं निधन झालं. प्रमुखपदाची जेमतेम आठ वर्षं. त्यांचा संगमरवरी अर्धपुतळा पुढं त्याच सर्पालयात बसवला गेला. सर्पालय ९६ वर्षं चाललं आणि २०२३ साली बंद झालं.

पाळण्यापासून पैदाशीपर्यंत

जगवणं जमलं, पण पैदास व्हायला आणखी सहा दशकं गेली. इंडोनेशियाबाहेर कोमोडोचं पहिलं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं ते १९९२ साली, अमेरिकेत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणीसंग्रहालयात. अंडी उबवायला सात-आठ महिने लागतात. तेवढे दिवस तापमान आणि ओल सांभाळायची, म्हणजे पेशन्सचं काम.

२००६ साली तर इंग्लंडनं जगाला चकित केलं. लंडन आणि चेस्टर इथल्या मादी कोमोडोंनी नराशिवाय फळणारी अंडी घातल्याचं सिद्ध झालं. अशी सगळी पिल्लं नरच निघतात. मादी एकटी ठेवली तर वंश चालतो, पण रक्तात विविधता उरत नाही. म्हणून नर-मादी एकत्र ठेवण्याचा मुद्दा पुढं आला. २०२१ पासून कोमोडो संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे, त्यामुळं ही माहिती लाखमोलाची.

आणि आपली घोरपड?

आपल्या सीमाभागात घोरपड कुणाला सांगावी लागत नाही. मुधोळ, संडूरच्या घोरपडे घराण्यांच्या आडनावामागं गड चढायला वापरलेल्या घोरपडीची आख्यायिका आहे. गोव्यात घुमटाला पूर्वी घोरपडीचंच कातडं लागायचं, आता बकरीचं लावतात. पण सांधेदुखीवर तेल म्हणून, मांसासाठी, आणि ‘हत्था जोडी’ नावाची मुळी म्हणून तिचे अवयव विकण्यासाठी ती अजून मारली जाते. ती मुळी नसतेच, नर घोरपडीचं जननेंद्रिय वाळवून विकलेलं असतं.

घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मारणं, विकणं, घरात पाळणं, सगळाच गुन्हा. प्रॉक्टरबाईंचं वाचून कुणी पिंजरा आणायला धावू नये. हे काम परवानगी असलेल्या संग्रहालयांचं. घोरपड उंदीर, किडे आणि सापांची अंडी खाते, शेतकऱ्याचं नुकसान करत नाही. घरात शिरली तर काठी उचलू नका. दार मोकळं सोडा, लांब उभे राहा आणि वनखात्याला कळवा.