साने गुरुजी : मुक्या सृष्टीचे कथाकार

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील पालगड या गावी झाला. घराणे खोताचे, परंतु वडील सदाशिवराव यांच्या काळात पूर्वीचे वैभव ओसरले, कर्ज वाढत गेले आणि अखेर घरावर जप्तीची नामुष्की ओढवली. पांडुरंगाचे पुढील शिक्षण दापोलीच्या मिशन शाळेत, नंतर औंध येथे आणि पुण्यात झाले. शिक्षण चालू असतानाच, १९१७ मध्ये, आई यशोदाबाई निवर्तल्या. पालगडशी असलेला प्रत्यक्ष संबंध येथून क्षीण होत गेला. स्मृतीतील पालगड मात्र अधिकाधिक ठळक होत राहिले.

१९२४ मध्ये गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहातील मुलांसाठी ते हाताने लिहिलेले 'छात्रालय दैनिक' चालवीत, गोष्टी सांगत. ही गोष्ट केवळ चरित्रात्मक तपशील म्हणून सोडून देण्यासारखी नाही. बोरी नदीकाठच्या खानदेशी मुलांपुढे कोकणातला मुलगा बोलत होता. ज्या श्रोत्यांनी समुद्र आणि कोकणचा पाऊस पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी झाड, पाखरू, पाऊस यांना कथेत केवळ पार्श्वभूमी म्हणून ठेवून भागत नाही; त्यांना पात्राइतके जिवंत करावे लागते. गुरुजींच्या निवेदनशैलीची घडण येथे झाली असावी.

१९३० मध्ये नोकरीचा राजीनामा देऊन ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक असे तुरुंगवास घडले. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून झाली. १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आश्रमातील मित्रांना श्यामने रात्रीमागून रात्र सांगितलेल्या बेचाळीस आठवणी, अशी तिची रचना आहे. मातृप्रेमाचे स्तोत्र म्हणून या ग्रंथाची इतकी चर्चा झाली, की त्यातील दुसरा धागा अभ्यासकांच्या नजरेतून निसटला. 'मुकी फुले' या प्रकरणात पूजेसाठी अधिक फुले मिळावीत म्हणून कळ्याच खुडून आणणाऱ्या श्यामला आई थांबवते. फूल झाडावर उमलू द्यावे, हा तिचा आग्रह. 'भूतदया' या प्रकरणात पाखराच्या पिलाला जगवण्याची मुलांची धडपड अपुरी ठरते आणि पिलू मरते. 'मोरी गाय' मध्ये जनावराचा लळा आहे, तर 'पत्रावळ' मध्ये पाने हाताळण्याचे, ती नीट लावण्याचे कौशल्य शिकण्याची कथा आहे. 'लाडघरचे तामस्तीर्थ' वाचकाला थेट समुद्रकाठी नेते.

या आठवणींतील उपदेश बाजूला सारला तरी एक बारकावा उरतो. 'भूतदया' मधील मुलांचे प्रेम खरे असूनही पिलू वाचत नाही. माया आहे, पण त्या जिवाला काय हवे याचे ज्ञान नाही, ही उणीव कथा लपवीत नाही. गुरुजींवर भाबडेपणाचा आणि रडकेपणाचा आक्षेप घेणाऱ्यांनी हे प्रकरण पुन्हा वाचावयास हवे.

तथापि दुसऱ्या टोकाला जाऊन त्यांना आजच्या अर्थाने पर्यावरणवादी ठरवणे हा कालविपर्यास होईल. जैवविविधता ही संज्ञा विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत रूढ झाली. गुरुजींच्या कथेत जाती-प्रजातींचा, अधिवासाचा विचार नाही. आहे ती एका कळीची, एका पिलाची, एका गाईची काळजी. मराठी निसर्गलेखनाची परंपरा सांगताना दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र'चा (१९५६) आणि पुढे व्यंकटेश माडगूळकर, मारुती चितमपल्ली यांचा निर्देश होतो, तो योग्यच आहे. पण त्या निरीक्षणनिष्ठ गद्याला जो वाचक लाभला, त्याच्या बालपणीच्या वाचनात श्याम होता, हे सहसा नोंदले जात नाही. बालसाहित्य म्हणून बाजूला ठेवलेल्या पुस्तकाची अशी उपेक्षा आपल्या वाङ्मयेतिहासात नवी नाही.

पालगड ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील वेळास येथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साथीने सागरी कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले. किनाऱ्यावरची अंडी उचलून न नेता पिले बाहेर येईपर्यंत वाट पाहणे, हे त्या कामाचे मर्म. त्याचा उगम गुरुजींच्या पुस्तकात शोधणे अतिशयोक्तीचे ठरेल. मात्र कळी न खुडण्याच्या संयमाशी त्याचे साम्य दृष्टीआड करण्यासारखे नाही.

उत्तरायुष्यात गुरुजींचे लक्ष सामाजिक समतेकडे अधिक वळले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी 'साधना' साप्ताहिक सुरू झाले. पुतणी सुधा हिला लिहिलेली त्यांची 'सुंदर पत्रे' याच अखेरच्या पर्वातील. फुलापाखरांत रमणारा पालगडचा मुलगा त्यांत पुन्हा भेटतो. ११ जून १९५० रोजी त्यांचा मृत्यू झाला. १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी 'श्यामची आई' पडद्यावर आणली आणि तिला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले.