परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. शहराचेच नाव मुलीला देण्यात आले. वडिलांनी त्यांना घरीच इतिहास, तत्त्वज्ञान व अनेक भाषा शिकवल्या. परंतु त्यांनी रुग्णसेवेचे शिक्षण घेण्याची इच्छा व्यक्त करताच घरातून तीव्र विरोध झाला. कारण त्या काळी इंग्लंडमध्ये परिचारिकेचे काम हलके मानले जाई. अखेर १८५१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे त्यांना सुमारे तीन महिने हे शिक्षण घेता आले.

१८५४ साली क्रिमियाच्या युद्धातील जखमी सैनिकांसाठी त्या ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानातील स्कुतारी येथे गेल्या. तेथील लष्करी रुग्णालयात घाण व गर्दी होती. जखमांपेक्षा रोगराईनेच अधिक सैनिक दगावत होते. फ्लॉरेन्स रात्री दिवा घेऊन रुग्णांमधून फिरत आणि त्यांची विचारपूस करीत.

मृत सैनिकांच्या कुटुंबीयांना पत्रे लिहिण्याचे अवघड कामही त्यांनी स्वीकारले. दूर इंग्लंडमध्ये मुलाची वाट पाहणाऱ्या आईला केवळ मृत्यूची वार्ता कळवून त्या थांबत नसत. अखेरच्या दिवसांत त्याची प्रकृती कशी होती, त्याने कोणाची आठवण काढली, हेही त्या लिहीत. सत्य लपवायचे नाही, पण ते सांगताना माया सोडायची नाही, ही त्यांची रीत होती.

इंग्लंडला परतल्यावर त्यांनी शुश्रूषेवर पुस्तक लिहिले. रुग्णाशी कसे बोलावे, याचाही त्यात बारकाईने विचार केला आहे. परिचारिकेने रुग्णाला मान न वळवता दिसेल अशा ठिकाणी बसावे, त्याच्या पाठीमागून किंवा चालता चालता बोलू नये, असे त्या सांगतात. दाराबाहेर चाललेली कुजबुज रुग्णाला फार छळते. ती आपल्याविषयीच आहे, या शंकेने तो कान देऊन पडून राहतो. तसेच, सर्व काही ठीक होईल, असा पोकळ धीर आप्तेष्टांनी देऊ नये. कारण त्यामुळे रुग्णाला आपले दुःख मोकळेपणाने बोलता येत नाही आणि तो अधिकच एकाकी होतो.

१८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांचे विद्यालय सुरू झाले. दीर्घकाळ आजारी असतानाही त्या विद्यार्थिनींना घरी बोलावत, त्यांच्या अडचणी ऐकत आणि पत्रांतून मार्गदर्शन करीत. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. एके काळी हलके मानलेले काम त्यांच्यामुळे शिकून, विचारपूर्वक करण्याचा सन्माननीय व्यवसाय ठरला.