परांचा डगला घालून एव्हरेस्टवर

पुण्याच्या पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली. तिचे दुसरे संचालक होते प्राध्यापक जॉर्ज इंगल फिंच. १९५२ ते १९५७ अशी पाच वर्षे त्यांनी हे पद सांभाळले. रसायनशास्त्राच्या वर्तुळाबाहेर हे नाव आज फारसे कुणाला आठवत नाही. मात्र हिमालयात पदभ्रमणाला निघालेला पुण्या-मुंबईचा तरुण दुकानात उभा राहून परांची हलकी स्लीपिंग बॅग हातात तोलून पाहतो, तिचे वजन किती, ऊब किती असा हिशेब करतो, तेव्हा नकळत तो फिंच यांचाच हिशेब करत असतो. कमीत कमी वजनात जास्तीत जास्त ऊब कशी मिळेल, हा प्रश्न एव्हरेस्टच्या संदर्भात शास्त्रज्ञाच्या काटेकोरपणाने प्रथम मांडला तो याच गृहस्थांनी. त्याबद्दल त्यांना आधी चेष्टाच सोसावी लागली.

फिंच यांचा जन्म ४ ऑगस्ट १८८८ रोजी ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात, ऑरेंज गावाच्या परिसरात झाला. घरची मोठी जमीन होती आणि मोकळ्या माळावर घोडदौड करण्यात बालपण गेले. १९०२ मध्ये कुटुंब युरोपात आले. वडील पुढे मायदेशी परतले. आई लॉरा मुलांना घेऊन पॅरिसला राहिली. एडवर्ड व्हिंपर यांचे आल्प्समधील चढायांवरचे पुस्तक हाती पडल्यावर जॉर्ज आणि धाकटा भाऊ मॅक्स यांना डोंगरांनी झपाटले. जवळपास पर्वत नसल्याने या दोघांनी पॅरिसचे नोत्र दाम कॅथीड्रलच चढून पाहिले! वैद्यकाचे शिक्षण अर्ध्यावर सोडून जॉर्ज झुरिकच्या तंत्रविद्यापीठात रसायनशास्त्र शिकायला गेला. तिथल्या विद्यार्थी गिर्यारोहकांच्या मंडळाचा तो अध्यक्षही झाला. वाटाड्यांना पैसे देऊन त्यांच्यामागून चढण्याची इंग्रज रीत त्याला ठाऊक नव्हती. आपली वाट आपण शोधायची, आपले साहित्य आपण तपासायचे, नडले तर आपणच बनवायचे, हे वळण त्याला झुरिकमध्ये लागले.

१९१२ मध्ये फिंच इंग्लंडला आले आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात रुजू झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्करी सेवा बजावली. त्या काळातला पहिला विवाह टिकला नाही. त्या संसारातील मुलगा पीटर याला त्यांनी आईपासून काढून घेतले, पण स्वतः वाढवले नाही; तो आजीकडे गेला. थिऑसफीच्या ओढीने आजी त्याला घेऊन मद्रासजवळच्या अड्यारला आली आणि तिथून त्या पोराची रवानगी ऑस्ट्रेलियाला झाली. हाच पुढे नामवंत अभिनेता पीटर फिंच झाला. १९७७ मध्ये मृत्यूनंतर ऑस्कर मिळवणारा तो पहिला अभिनेता. आपले जन्मदाते वडील जॉर्ज फिंच नव्हेत, हे त्याला फार उशिरा कळले. फिंच यांच्या आयुष्यातील हे प्रकरण त्यांच्या चाहत्यांनाही अवघडल्यासारखे करते.

१९२१ च्या पहिल्या एव्हरेस्ट मोहिमेसाठी फिंच यांची निवड झाली आणि ऐन वेळी वैद्यकीय तपासणीचे कारण देऊन ती रद्दही झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक ड्रेयर यांच्या कमी दाबाच्या कक्षात त्यांची परीक्षा घेतली गेली, तीत ते उत्तम उतरले. तब्येतीखेरीज इतरही कारणे असावीत, असे मानणारे अनेक आहेत. फिंच वसाहतीतून आलेले, जर्मन वळणाच्या शाळेत शिकलेले, घटस्फोटित, आणि तोंडाने फटकळ. लंडनच्या एव्हरेस्ट समितीतील सभ्य मंडळींना हा माणूस आपल्यातला वाटत नव्हता. १९२२ च्या मोहिमेत मात्र त्यांना टाळता आले नाही, कारण प्राणवायूच्या नळकांड्यांचे तंत्र समजणारा त्यांच्याइतका जाणकार गिर्यारोहक दुसरा नव्हता.

त्यांच्या सामानात एक चमत्कारिक डगला होता. बाहेरून फुग्यांसाठी वापरतात ते घट्ट विणीचे हिरवे कापड आणि आत आयडर बदकाची लव भरलेली. आयडर हे उत्तरेकडच्या थंड समुद्रकिनाऱ्यांवरचे बदक. मादी आपल्या छातीची लव उपटून घरट्यात अंथरते आणि आइसलँडसारख्या देशांत ती घरट्यांतून गोळा केली जाते. या लवेच्या दुलया युरोपातील सुखवस्तू घरांत पूर्वापार होत्या. तिच्या झोपण्याच्या पिशव्याही गिर्यारोहकांना ठाऊक होत्या. म्हणजे रात्री जी वस्तू पांघरायला चालत होती, ती दिवसा अंगात घालायला कुणी तयार नव्हते. रेशमी सदरे, लोकरीचे स्वेटर, त्यावर गॅबर्डिनचे किंवा ट्वीडचे कोट असा त्या वेळचा थाट. फिंच यांनी दुलईच अंगात घातली आणि सोबत्यांना हसायला विषय मिळाला.

फिंच यांचे गणित सरळ होते. ऊब लोकरीची नसते आणि पिसांचीही नसते. ती असते त्यांच्या तंतूंमध्ये अडकून स्थिर राहिलेल्या हवेची. लवेचा एक एक कण चहूबाजूंनी फुलतो, त्यामुळे अगदी थोड्या वजनात हवेचा जाड थर धरून ठेवता येतो. मात्र वारा आत शिरला तर हवा हलते आणि सारे व्यर्थ जाते. म्हणून बाहेरचे कापड वारा अडवणारे हवे. लोकरीने तेवढीच ऊब मिळवायची तर कपड्यांचे ओझे वाढते, हालचाल जखडते, आणि आठ हजार मीटरवर प्रत्येक किलोची किंमत श्वासात मोजावी लागते.

आज स्लीपिंग बॅग घेताना हेच निकष लागू पडतात. ठरावीक वजनाची लव किती जागा व्यापते, तो आकडा पिशवीवर छापलेला असतो. आकडा जितका मोठा, तितक्याच उबेसाठी पिशवी हलकी. तापमानाचे दोन आकडे दिले असतील, तर सुखाने झोप लागेल तो पाहावा. कशीबशी रात्र निभावेल तो पाहून खरेदी करू नये. अंगाखाली दबलेली लव काहीच ऊब देत नाही, तेव्हा खाली चांगली चटई हवीच. आणि लव भिजली की तिचा गोळा होतो. सह्याद्रीतल्या पावसाळी मुक्कामाला ती नेणे हा पैशांचा अपव्यय. तिथे कृत्रिम धाग्यांची पिशवी किंवा साधी घोंगडी बरी. लवेचे राज्य कोरड्या, गोठलेल्या थंडीत.

तशी थंडी तिबेटच्या पठारावर भेटली. वारे सुरू झाले तसे डगल्यावर हसणे थांबले. आता सगळ्यांना त्याचा हेवा वाटू लागला आहे, अशी नोंद फिंच यांनी रोजनिशीत केली. त्यात थोडे समाधान आहे, आणि ते क्षम्य मानावे.

२१ मे १९२२ रोजी मॅलरी, नॉर्टन आणि सॉमरव्हेल प्राणवायूशिवाय ८२२५ मीटरपर्यंत पोचून परतले. त्यांच्याबरोबर निघालेल्या मोर्सहेड यांच्या बोटांना हिमदंश झाला. अनुभवी चढाईपटू आता उरले नव्हते. फिंच यांनी मोहिमेच्या प्रमुखांचा नातलग कॅप्टन जेफ्री ब्रूस आणि गुरखा सैनिक तेजबीर यांना बरोबर घेतले. ब्रूस यांनी त्याआधी एकही पर्वत चढलेला नव्हता. २५ मे रोजी सुमारे ७७७० मीटरवर तंबू लागला आणि वादळाने त्यांना गाठले. रात्रभर तंबू उडू नये म्हणून तिघे त्यावर अंगाचे वजन टाकून बसले. दुसरा दिवसही तसाच गेला. संध्याकाळी खालच्या तळावरून काही भारवाहक वादळातून गरम पेयांचे थर्मास घेऊन वर आले. त्यांच्या धैर्याची गोष्ट मोहिमेच्या कथांत नेहमी एका ओळीत उरकली जाते. दुसऱ्या रात्री थंडी हातापायांतून वर चढू लागली, तेव्हा फिंच यांना एक कल्पना सुचली. नळकांड्यातला प्राणवायू त्यांनी झोपण्यापूर्वी थोडा थोडा सर्वांना दिला. अंगात ऊब परतली आणि झोप लागली. अंगावर कितीही जाड आच्छादन असले, तरी ते उष्णता निर्माण करत नाही. ती शरीरानेच करायची, आणि शरीराला त्यासाठी प्राणवायू लागतो. हे ज्ञान त्या रात्री तंबूत मिळाले.

२७ मे रोजी तिघे निघाले. तेजबीर थकून तंबूकडे परतले. फिंच आणि ब्रूस उत्तर भिंतीवरून वर सरकत राहिले. एका ठिकाणी ब्रूस यांच्या उपकरणातील काचेची नळी फुटली. फिंच यांनी आपला प्राणवायू दोघांत वाटून घेतला आणि त्या उंचीवर उपकरण दुरुस्त केले. सुमारे ८३२० मीटर ही तोवरची मानवी पायांची सर्वाधिक उंची होती. शिखर पाचशे-साडेपाचशे मीटर वर राहिले होते. एकट्याने पुढे जाणे कदाचित जमले असते, पण ब्रूस जिवंत परतणार नाहीत हे ओळखून फिंच यांनी पाऊल मागे घेतले. त्याच दिवशी दोघे १८०० मीटरहून अधिक खाली उतरले. ब्रूस यांचे पाय हिमदंशाने सुजले होते. दहा-अकरा दिवसांनी, ७ जून रोजी, त्याच मोहिमेच्या तिसऱ्या प्रयत्नात हिमलोटाखाली सात शेर्पा गेले. फिंच तेव्हा परतीच्या वाटेवर होते.

पुढच्या वर्षी व्याख्याने आणि छायाचित्रे यांच्या हक्कांवरून समितीशी त्यांचे बिनसले. आपण काढलेल्या छायाचित्रांवर आपला हक्क आहे, ही त्यांची बाजू. समितीला ती बंडखोरी वाटली. १९२४ च्या मोहिमेतून त्यांना वगळले आणि परांचे डगलेही वगळले गेले. ८ जून १९२४ रोजी मॅलरी आणि अर्विन वर गेले ते परतलेच नाहीत. १९९९ मध्ये मॅलरी यांचा देह सापडला, तेव्हा त्यावर रेशीम, लोकर आणि गॅबर्डिनचे थर होते. डगला असता तर ते वाचले असते असे म्हणणे उतावळेपणाचे होईल. त्यांच्या कपड्यांच्या बाजूने बोलणारे अभ्यासकही आहेत. पण ज्याला त्या उंचीवरच्या थंडीचे आणि उपकरणांचे सर्वाधिक ज्ञान होते, तो माणूस त्या वर्षी लंडनमध्ये बसून होता.

फिंच पुन्हा एव्हरेस्टला गेले नाहीत. इलेक्ट्रॉन विवर्तनाच्या साहाय्याने घन पदार्थांच्या पृष्ठभागांचा अभ्यास हे त्यांचे पुढचे क्षेत्र. १९३८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, १९४४ मध्ये त्यांना ह्यूज पदक मिळाले. निवृत्तीच्या वयात ते पुण्याला आले. येथील भारतीय सहकाऱ्यांबरोबर फेराइट-मँगेनाइट संयुगांच्या स्फटिकरचनेवर त्यांनी केलेले काम १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले.

२९ मे १९५३ रोजी हिलरी आणि तेनसिंग शिखरावर पोचले, तेव्हा फिंच पुण्याच्या प्रयोगशाळेचे संचालक होते. त्या मोहिमेतील सदस्यांच्या अंगावर परांचे कपडे होते, रात्री परांच्या दुहेरी स्लीपिंग बॅगा होत्या, पाठीवर प्राणवायू होता आणि झोपतानाही तो घेतला जात होता. एकतीस वर्षांपूर्वीच्या त्या तंबूतले सगळे आता सरकारी यादीत आले होते.

भारतातून परतल्यावर, १९५९ मध्ये, लंडनच्या अल्पाइन क्लबने फिंच यांना अध्यक्ष केले. २२ नोव्हेंबर १९७० रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यात त्यांचे निधन झाले.