फ्रोबेल आणि छोट्यांचा वसंत : किंडरगार्टनच्या जनकाची ओळख



फाल्गुन-चैत्र आला की बालवाडीत वसंत ऋतूचे उपक्रम सुरू होतात. कागदाची फुलं, पानांचे ठसे, मातीची फळं. भिंतीवरचा तक्ता भरतो, फोटो ग्रुपवर जातात. पण खरं सांगा, त्या तक्त्यावरच्या फुलांतली मुलांनी स्वतः केलेली किती असतात? कातरकाम ताईंचं, चिकटकाम आईचं आणि मुलाचं फक्त नाव, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. म्हणूनच आज एका माणसाची ओळख करून घेऊ. डी.एड.ला आपण सगळ्यांनी त्याच्यावर टीप लिहिली आहे. किंडरगार्टन पद्धतीचे जनक, फ्रेडरिक फ्रोबेल. टिपेत मावलं नाही असं बरंच काही त्यांच्या आयुष्यात आहे, आणि ते आपल्या बालवाडीच्या कामाचं आहे.

आईविना बालपण

फ्रोबेल यांचा जन्म 21 एप्रिल 1782 रोजी जर्मनीतल्या थुरिंगिया भागात, ओबरवाइसबाख या डोंगराळ गावी झाला. वडील धर्मगुरू होते आणि कामात सतत गुंतलेले असत. फ्रेडरिक नऊ महिन्यांचा असताना आई वारली. पुढे सावत्र आई आली. सुरुवातीला तिने माया केली, पण स्वतःचं मूल झाल्यावर ती दुरावली. एकट्या पडलेल्या या मुलाला सोबत होती ती घराजवळच्या बागेची आणि आसपासच्या जंगलाची. दहाव्या वर्षी मामांनी त्याला आपल्याकडे नेलं. तिथे त्याला पहिल्यांदा मोकळेपणा आणि प्रेम मिळालं.

पंधराव्या वर्षी त्याला एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवारीला ठेवलं गेलं. दोन वर्षं झाडं, पानं, जमीन यांच्या संगतीत गेली. मग येना विद्यापीठात शिक्षण सुरू झालं, पण पैसे संपले. कर्जापायी काही आठवडे विद्यापीठाच्या कोठडीतही काढावे लागले. पुढे नाना नोकऱ्या केल्या. 1805 मध्ये फ्रँकफर्टला ते वास्तुरचना शिकायला गेले आणि अगदी योगायोगाने एका शाळेत शिक्षक झाले. तिथेच त्यांना आपलं काम सापडलं.

शिक्षक फ्रोबेल

त्या काळी स्वित्झर्लंडमधले पेस्टालॉझी यांचं नाव सर्वत्र झालं होतं. वस्तू हाताळून, निरीक्षणातून शिकणं हा त्यांचा आग्रह. फ्रोबेल 1808 ते 1810 त्यांच्या संस्थेत राहिले. पुढे नेपोलियनविरुद्धच्या युद्धात ते स्वयंसेवक म्हणून लढले आणि नंतर बर्लिनच्या खनिज संग्रहालयात काम केलं. स्फटिकांचे नेमके आकार पाहून ते भारावले. त्यांच्या खेळण्यांत गोल, घन, नळकांडं का दिसतात, याचं एक मूळ इथे आहे.

1816 मध्ये त्यांनी स्वतःच्या पाच पुतण्यांना घेऊन शाळा काढली. त्यांतल्या तिघांचे वडील युद्धकाळात दगावले होते. पुढच्याच वर्षी शाळा काइलहाऊ गावी हलली. 1826 मध्ये त्यांचा माणसाच्या शिक्षणावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पण वय वाढलं तसं त्यांना जाणवू लागलं की सहा-सात वर्षांचं मूल शाळेत येतं तेव्हा उशीर झालेला असतो. खरी सुरुवात त्याआधी, आईच्या मांडीवर होते. स्वतःला ती मांडी मिळाली नव्हती, हे इथे विसरून चालणार नाही.

मुलांची बाग

1837 मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, फ्रोबेल यांनी ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी काम सुरू केलं. 1840 मध्ये त्याला नाव मिळालं, किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग.

हे नाव नुसतं शोभेचं नव्हतं बरं का! तिथे खरीखुरी बाग असे. प्रत्येक मुलाला स्वतःचा छोटा वाफा, शिवाय सगळ्यांचे मिळून सामाईक वाफे. थुरिंगियात हिवाळा कडक असतो. बर्फ वितळला की माती उकरायची, बी पेरायचं, पाणी घालायचं. आपल्या वाफ्यात मूल हवं ते लावू शके, सामाईक वाफ्याची काळजी मात्र सगळ्यांनी घ्यायची. स्वातंत्र्य आणि जबाबदारी, दोन्ही एकाच बागेत.

आत बसून करायच्या गोष्टीही त्यांनी ठरवल्या. आपल्याला पाठ असलेल्या 'देणग्या' त्या याच. पहिली देणगी सहा रंगांचे मऊ लोकरीचे चेंडू, अगदी तान्ह्या बाळासाठीसुद्धा. दुसरी लाकडी गोल, घन आणि नळकांडं. तिसरी आठ छोट्या ठोकळ्यांत सुटा होणारा घन. त्यापुढे 'व्यवसाय', म्हणजे आपल्या भाषेत हस्तकला: मातीकाम, कागदाच्या घड्या, कागदी पट्ट्यांचं विणकाम, काड्या मांडणं, भिजवलेल्या वाटाण्यांत काड्या खोचून आकार बनवणं. साहित्य साधं, पण प्रत्येक वेळी हात मुलाचे.

1844 मध्ये त्यांनी आईने बाळाशी खेळायच्या बोटांच्या खेळांचं आणि गाण्यांचं सचित्र पुस्तक काढलं. शिवाय लहान मुलांना शिकवण्यासाठी तरुण मुलींना प्रशिक्षण दिलं. बायकांनी व्यवसाय म्हणून शिकवणं तेव्हा अनेकांना रुचत नव्हतं. आज आपल्या अंगणवाडी-बालवाडीतल्या ताई त्याच वाटेवर आहेत.

बंदी

साठी उलटलेला हा माणूस गावातल्या पोरांबरोबर उड्या मारतो, गाणी म्हणतो, हे बघून लोक हसत. पण 1851 च्या ऑगस्टमध्ये हसण्यावर भागलं नाही. प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. आरोप होता नास्तिकतेचा आणि समाजवादाचा. त्यांच्या पुतण्याच्या लिखाणाशी झालेली गल्लतही त्यामागे होती. फ्रोबेल यांनी विनंत्या केल्या, खुलासे दिले, पण उपयोग झाला नाही. 21 जून 1852 रोजी त्यांचं निधन झालं, तेव्हा बंदी कायम होती. ती उठली 1860 मध्ये.

तोवर त्यांच्या विद्यार्थिनी आणि चाहते हे काम देशाबाहेर घेऊन गेले होते. 1856 मध्ये अमेरिकेतल्या वॉटरटाउन गावी मार्गारेट शुर्झ यांनी जर्मन भाषेतलं किंडरगार्टन सुरू केलं. प्रसिद्ध वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट लहानपणी फ्रोबेलचे ठोकळे खेळत मोठे झाले. श्वाइना इथल्या फ्रोबेल यांच्या समाधीवर घन, नळकांडं आणि गोल एकावर एक रचलेले आहेत.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. पुढे अनेक ठिकाणी फ्रोबेलच्या हस्तकलेची कवायत झाली. सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच रेषेवर, एकसारखी घडी घालायची! नाव राहिलं, बाग गेली. आपल्या तक्त्यावर एकसारखी तीस फुलं लागतात तेव्हा तेच होतं, नाही का?

आपल्या वसंतात काय करता येईल?

आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. त्यांच्यावर प्रभाव होता तो जास्त माँटेसरींचा, पण महागड्या साधनांऐवजी त्यांनी परिसरातलीच साधनं वापरली. तेच धरून दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी हे करून बघा:

1. पळसाचा रंग – झाडाखाली पडलेली पळसफुलं मुलांनी वेचायची. मोठ्यांनी ती पाण्यात उकळून थंड करायची. त्या केशरी पाण्यात बोटं, कापूस, भेंडीचा काप बुडवून कागदावर ठसेकाम. कुठे उमटवायचं ते मूल ठरवेल.

2. कोवळी आणि जून पानं – पिंपळाची तांबूस पालवी आणि जुनं गळालेलं पान शेजारी ठेवा. हाताळू द्या, वास घेऊ द्या, जमिनीवर मांडू द्या. चिकटवायलाच हवं असं नाही.

3. कणकेचे गोळे – हळद घालून भिजवलेली कणीक. दोन वर्षांचं मूल नुसतं दाबेल, चार वर्षांचं आंबा करेल. दोन्ही मातीकामच.

4. कागद फाडणं – लहानग्यांच्या हाती कात्री नको. रंगीत कागद बोटांनी फाडून पिठाच्या खळीने चिकटवायचे. त्यातून चिमटीची ताकद येते आणि लेखनाची तयारीही होते.

5. हरभरे आणि काड्या – चार वर्षांपुढच्या मुलांना रात्रभर भिजवलेले हरभरे आणि टोक बोथट केलेल्या काड्या द्या. घर, झोपडी, काहीही होऊ दे. त्याहून लहान मुलांच्या हाती दाणे, बिया देऊ नका. नाका-तोंडात जाण्याचा धोका असतो.

6. स्वतःचा वाफा – रिकाम्या डब्याला भोक पाडा आणि त्यात माती घालून मेथी पेरा. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात. डब्यावर मुलाची खूण असू द्या. पाणी त्यानेच घालायचं.

पालकांनो, मूल घरी वेडंवाकडं काहीतरी घेऊन आलं तर ते नीट करून देऊ नका. हे काय केलंस, असा दरडावून प्रश्न विचारण्यापेक्षा कसं केलंस ते विचारा. ताईंनो, तक्त्यावर थोडी जागा अर्धवट, चिरडलेल्या, डाग पडलेल्या फुलांनाही द्या. पालक विचारतील की हे असं का? तेव्हा हे आमच्या मुलांनी केलंय, असं ठामपणे सांगा.

21 एप्रिलला फ्रोबेल यांची जयंती असते. त्या दिवशी मेथीचा एक डबा जास्तीचा पेरून बघा. आपल्या वर्गात काय झालं ते जरूर कळवा.