आधी खोली, मग नोकरी

परभणी तालुक्यातील पिंगळीचा एखादा पोरगा पदवी घेऊन पुण्या-मुंबईला निघाला, की आईबाप विचारतात, नोकरी लागेल का? त्याला राहायला जागा कोण देईल, हा त्याआधीचा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. बाबासाहेबांची बडोद्याची नोकरी याच प्रश्नावर गेली.

सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. त्याप्रमाणे लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून १९१७ च्या सप्टेंबरात ते बडोद्यात हजर झाले. महाराजांची नोकरी होती, परदेशी विद्या होती. पण अस्पृश्याला हिंदू हॉटेल घेईना. नाइलाजाने पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. कचेरीत चपराशी फायली लांबूनच टेबलावर फेकत. अकराव्या दिवशी डझनभर पारशी लाठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान सुटले. एका हिंदू व एका ख्रिस्ती स्नेह्याकडे विचारून पाहिले, दोघांनीही टाळले. कमाठी बागेत काही तास बसून रात्री नऊच्या गाडीने ते मुंबईला परतले. कामात कसूर झाली म्हणून ही नोकरी गेली नाही. रात्री पाठ टेकायला जागा नव्हती म्हणून गेली.

मुंबईत त्यांनी शिकवण्या धरल्या. शेअर-रोख्यांबाबत सल्ला देणारी पेढी काढली. गिऱ्हाईक येऊ लागले, पण सल्ला देणारा महार आहे हे कळताच ते फिरकेनासे झाले. पेढी बंद पडली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. तिथेही पाण्याच्या भांड्यावरून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. बाबासाहेबांनी नोकरी सोडली नाही. पगारातून पैसा साठवला. त्यात शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांची भर पडली, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. हा मित्रही पारशीच होता, हे विसरू नये.

१९२३ साली बॅरिस्टर होऊन त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली, तेव्हा सॉलिसिटर काम देईनात. सनद हातात असून ब्रीफ नसणे म्हणजे काय, हे आम्हा वकिलांना सांगावे लागत नाही. बाबासाहेब खालच्या कोर्टांतून गरिबांचे खटले चालवत राहिले. १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय संस्थेत त्यांनी व्यापारी कायदा शिकवला. एक दार बंद झाले तरी चूल विझू दिली नाही.

ज्याला बडोद्यात खोली नाकारली, त्याच्याच अध्यक्षतेखालील समितीने राज्यघटनेचा मसुदा तयार केला. देशात कुठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क कलम १९ ने नागरिकाला दिला. पण हा हक्क सरकारविरुद्ध चालतो. घरमालकाच्या दारात तो लंगडा पडतो. आडनाव ऐकताच रिकामी खोली आजही अचानक भरलेली असते.

म्हणून शहरात फ्लॅट घेऊन स्थिरावलेल्या आपल्या माणसांना एकच सांगणे आहे. पिंगळीच्या पोराला नोकरी लावून देणे तुमच्या हातात नसेल, पण पहिले दोन महिने त्याला छप्पर देणे तुमच्या हातात आहे. कमाठी बागेतला तो बाक आपल्या पोरांच्या वाट्याला येता कामा नये.